कळप नसलेल्या घरात मेंढपाळ कुत्रा

दोन मुलं हॉलमधून गॅलरीकडे पळाली की घरातला बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा उठतो. मान खांद्याच्या रेषेत खाली आणतो, बाहेरच्या बाजूने वळसा घालतो आणि मुलांना पुन्हा हॉलच्या मध्यावर आणून सोडतो. मुलं ऐकत नाहीत असं दिसलं, तर टाचेला दात लागतो. मोठ्यांना आधी याचं कौतुक वाटतं, मग ती खोड वाटते, आणि टाचेवर रक्त दिसलं की कुत्रा चावरा ठरतो. प्रत्यक्षात तो त्याचं पिढीजात काम करत असतो. मात्र समोर मेंढ्या नसतात आणि कुठे थांबायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

शिकारी प्राण्याच्या वागण्यात एक ठरलेला क्रम असतो: सावज हेरणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं, खाणं. लांडग्यात हा क्रम पूर्ण असतो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकी दांपत्याने असं मांडलं की माणसाने कामाचे कुत्रे घडवताना या क्रमातले काही टप्पे ठळक केले आणि काही पुसट केले. बॉर्डर कॉलीत नजर, दबा आणि पाठलाग हे तीन टप्पे टोकाला नेले, तर पकड आणि त्यापुढचं सगळं दाबून टाकलं. म्हणून तो मेंढीला न शिवता केवळ नजरेने हलवू शकतो.

आपल्याकडे धनगरांच्या मेंढरांबरोबर दिसणारा कुत्रा वेगळ्या कामाचा असतो. लांडग्यापासून राखण हे त्याचं काम. कळप वळवायला धनगर स्वतःचा आवाज आणि काठी वापरतो. राखणदार कुत्र्यात पाठलागाची ओढ जितकी कमी तितकं बरं, कारण त्याला दिवसरात्र मेंढरांतच राहायचं असतं. त्यामुळे ‘मेंढ्यांचा कुत्रा’ म्हणून दोघांना एकाच मापाने मोजलं, तर दोघांबद्दलही चुकीच्या अपेक्षा तयार होतात.

हाकणाऱ्या कुत्र्यांतही कामाच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि घरातल्या तक्रारी त्या पद्धतींप्रमाणेच येतात. बॉर्डर कॉली इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या डोंगराळ कुरणांतला. तिथे कुत्रा लांबून वळसा घालून पांगलेला कळप गोळा करतो आणि मेंढपाळाकडे आणतो. आजच्या बॉर्डर कॉलींच्या वंशावळी ज्याच्यापाशी येऊन मिळतात, तो ‘ओल्ड हेम्प’ नावाचा कुत्रा १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. त्याचा बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, तर आई मेग बुजरी आणि तीव्र नजरेची होती. हेम्पमध्ये दोघांचा मेळ बसला आणि शांतपणे काम करणारा कुत्रा म्हणून पैदाशीसाठी त्याला मोठी मागणी आली. १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. तिथे कुत्र्याची किंमत दिसण्यावरून ठरली नाही, कळपावर तो कसं काम करतो यावरून ठरली.

जर्मन शेफर्ड ही जात १८९९ पासून नोंदली जाऊ लागली. तिचं मूळ काम शेताच्या कडेने येरझाऱ्या घालत मेंढ्यांना उभ्या पिकात शिरू न देणं. बंगल्याच्या कंपाउंडलगत रोज त्याच वाटेने फिरून गवत झिजवणारा आणि फाटकापाशी प्रत्येकावर भुंकणारा शेफर्ड हीच सीमा सांभाळत असतो. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग गुरं हाकणारे. गुरं नजरेला दाद देत नाहीत, म्हणून या जातींत टाचेला चावा घेण्याचा टप्पा मुद्दाम शिल्लक ठेवला आहे. लहान मुलांच्या घरात तो सगळ्यात लवकर जाणवतो.

या कुत्र्यांना ‘भरपूर पळवा, थकले की शांत होतील’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. रोज तासभर बॉल फेकत राहिलं की दोन-तीन महिन्यांत दीड तासही पुरत नाही, कारण दम वाढतो आणि उत्तेजना उतरत नाही. कुरणावरच्या कॉलीला पहा: तो पळतो त्याच्या कितीतरी पट वेळ पडून राहतो, सरकतो, थांबतो. ‘खाली बस’ ही आज्ञा मिळाली की चारशे मीटरवरून तो जागच्या जागी आडवा होतो, आणि काम संपल्याचा शब्द ऐकला की मेंढ्यांकडे पाठ फिरवून परत येतो. घरात ही थांबण्याची बाजूच गळून पडते. म्हणून शिकवायला सुरुवात तिथून करावी.

त्यासाठी एक पातळ सतरंजी किंवा चटई घ्या, कुत्र्याला पूर्ण आडवं होता येईल एवढी. ती फक्त सरावापुरती अंथरायची. कुत्र्याने तिच्यावर पाय ठेवला की खाऊचा हरभऱ्याएवढा तुकडा चटईवरच टाका, हातात देऊ नका. हातातून दिला तर तो तुमच्याकडे बघायला शिकतो आणि चटई विसरतो. चार-पाच वेळा झालं की गप्प थांबा. बहुतेक कुत्रे आपणहून बसतात, मग आडवे होतात. आडवा झाला की दोन पुढच्या पायांच्या मध्ये दर तीन सेकंदांनी एक तुकडा, मग पाच सेकंदांनी, दहा, वीस. उठण्यासाठी ‘चल’सारखा एकच शब्द ठरवा आणि त्याआधी तो उठला तर न ओरडता पुन्हा चटईवर न्या. एक सराव तीन ते पाच मिनिटांचा, दिवसात तीन वेळा.

गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. वेळ, अंतर आणि आजूबाजूची हालचाल या तिन्ही गोष्टी माणसं एकदम वाढवतात. आज कुत्रा अर्धा मिनिट शांत पडून राहिला म्हणून लगेच मुलाला समोरून पळायला सांगितलं, तर तो उठणारच. आधी मुलाने चालायचं, मग भरभर चालायचं, मग लांबून पळायचं, आणि जवळून पळणं सगळ्यात शेवटी. हालचाल वाढवली की वेळ पुन्हा पाच सेकंदांवर आणायचा. हा पल्ला गाठायला आठवडे लागतात. घाई केली तर चटई म्हणजे तणावाची जागा बनते आणि कुत्रा तिच्याकडे फिरकत नाही.

तोवर मुलं आणि कुत्रा यांची व्यवस्था माणसांनीच लावायची. पकडापकडीचा खेळ सुरू होण्याआधी कुत्रा जाळीच्या फाटकामागे किंवा दुसऱ्या खोलीत, सोबत चघळायला काहीतरी. सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना एक गोष्ट नक्की शिकवता येते: कुत्रा मागे लागला की थांबायचं, हात छातीशी घ्यायचे, नजर जमिनीकडे. पळणं आणि किंचाळणं बंद झालं की त्याला हाकायला काही उरत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवू नये. तिथे मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. त्याने गुरगुरणं बंद होतं, पण अस्वस्थता जात नाही, आणि पुढच्या वेळी इशाऱ्याशिवाय दात लागतो. दाताने कातडी फाटली असेल, तर कुत्रा घरचा आणि लसीकरण झालेला असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रेबीजच्या बाबतीत तर्क चालवू नये.

रस्त्यावर याच ओढीचं लक्ष्य दुचाकी, सायकल आणि धावणारी माणसं होतात. झेप घेण्याआधी कुत्रा सांगत असतो: तोंड मिटतं, डोळ्यांची उघडझाप थांबते, मान खाली जाते, कधी पुढचा एक पाय हवेत राहतो. इथपर्यंत पोहोचला की हाक ऐकू जात नाही. म्हणून त्याच्या आधीचं अंतर शोधायचं. समजा ४० मीटरवरच्या स्कूटरकडे तो पाहतो पण अजून खाऊ घेऊ शकतो, तर सराव तिथेच. स्कूटर दिसली की खाऊ, निघून गेली की खाऊ बंद. काही दिवसांत तो स्कूटर बघून तुमच्याकडे वळू लागतो, मग दोन-तीन मीटर पुढे सरकायचं. पट्टा साधा, दोन मीटरचा, हार्नेसला लावलेला. आपोआप लांबणारी दोरी इथे धोक्याची, कारण तिने कुत्र्याला धावत वेग घ्यायला जागा मिळते.

लेझरचा ठिपका या कुत्र्यांसमोर कधीही आणू नये. तो पकडता येत नाही, पाठलागाचा शेवट होत नाही, आणि काही कॉली नंतर भिंतीवरच्या सावल्या, घड्याळाच्या काचेचा कवडसा, पंख्याची हलती सावली यांच्यामागे तासन्‌तास लागतात. ही सवय एकदा रुजली की सुटायला फार कठीण असते आणि बऱ्याचदा औषधोपचारही लागतात.

मेंदूला काम हवं हे मात्र शंभर टक्के खरं. अमेरिकेतल्या वॉफर्ड कॉलेजचे निवृत्त मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉली मादीला १,०२२ खेळण्यांची वेगवेगळी नावं शिकवली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे तीन वर्षं, रोज चार-पाच तासांचं शिकवणं होतं. एका वेळी एकच वस्तू, तिचं नाव पुन्हा पुन्हा उच्चारणं, मग ती लपवून शोधायला लावणं, अशी पद्धत. घरी आठवड्याला एक नाव पुरे. त्याहून सोपं काम म्हणजे दिवसाच्या अन्नातला निम्मा भाग वाडग्यात न देता शोधायला लावणं: आधी डोळ्यांसमोर, मग सोफ्याच्या पायाशी, मग दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटं नाकाने काम केलेला कुत्रा स्वस्थ झोपतो.

प्रौढ कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी ३०-४० मिनिटांचं, मनसोक्त हुंगू देणारं फिरणं, मधे छोटे सराव, आणि दुपारी कुणीही न उठवता विश्रांती असा दिवस सहसा पुरतो. बॉल खेळायचाच असेल तर पाच-सहा फेकी, त्याही चेंडू जमिनीवर स्थिरावल्यावर ‘चल’ म्हणून सोडायचं. हवेतल्या चेंडूसाठी उड्या आणि गर्रकन वळणं यांनी गुडघ्याचे बंध आणि खांदे दुखावतात. वर्षाच्या आतल्या पिल्लाच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, त्याला उंच उड्या नकोतच.

उन्हाळ्यात आणखी एक धोका असतो. बहुतेक कुत्रे दमले की थांबतात. काम दिसत असेल तर कॉली थांबत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि ४१च्या पुढे गेलं की अवयवांना इजा होऊ लागते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री. संध्याकाळीही डांबर तापलेलं असतं, तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्या रस्त्यावर नेऊ नका. रुंद बाहेर आलेली जीभ, गडद लाल हिरड्या, चिकट लाळ, झोकांड्या ही लक्षणं दिसली की आधी अंगभर पाणी ओता, पंखा लावा, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. वरचे केस आणि आतली लव असा दुहेरी कोट उन्हासाठी म्हणून भादरूही नये. आतली सुटलेली लव आठवड्यातून दोनदा विंचरून काढली की हवा खेळते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो कोट कातडीपर्यंत कोरडा करावा लागतो, नाहीतर खाज आणि ओलसर चट्टे येतात.

आवाजाला बॉर्डर कॉली फार हळवा असतो. दिवाळीचे फटाके आणि मिरवणुकीतले ढोल-ताशे यांची भीती वर्षागणिक वाढू शकते. पडदे ओढलेली आतली खोली, पंख्याचा संथ आवाज, आणि गरज असल्यास पशुवैद्यांनी दिलेलं भीती कमी करणारं औषध आवाज सुरू होण्याआधी, हा क्रम पाळावा. थरथर सुरू झाल्यावर दिलेलं औषध फारसं लागू पडत नाही.

औषधांचा विषय निघालाच आहे, तर या गटातल्या कुत्र्यांची एक आनुवंशिक अडचण प्रत्येक मालकाला माहीत असायला हवी. एमडीआर-१ नावाच्या जनुकात डीएनएची चार अक्षरं गळलेली असतील, तर काही औषधं मेंदूतून बाहेर ढकलणारं प्रथिन तयार होत नाही. लांब केसांच्या रफ कॉलीत हा दोष दहातल्या सुमारे सात कुत्र्यांत, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये जवळपास निम्म्यांत आढळतो. बॉर्डर कॉलीत तो क्वचित असतो, पण असतो. खरूज आणि गोचीड यांसाठी आपल्याकडे सहज वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन अशा कुत्र्याला घातक ठरतं. हृदयातल्या जंतांच्या प्रतिबंधासाठीची मात्रा, म्हणजे किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, सुरक्षित असते, पण खरजेसाठी ३०० ते ६०० दिली जाते आणि दोष असलेल्या कुत्र्याला १०० पासूनच विषबाधा होऊ शकते. तिची लक्षणं म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, लाळ, झोकांड्या, कंप, मग बेशुद्धी. जुलाबावरचं लोपेरामाइडही याच यादीत येतं. शेतावर नेत असाल तर नुकतंच जंताचं औषध दिलेल्या जनावरांचं शेण त्याला खाऊ देऊ नका. गालाच्या आतल्या पेशींचा नमुना किंवा थोडं रक्त एवढ्यावर या दोषाची चाचणी होते. निकाल लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरांकडे जावं लागलं तरी तो नजरेत भरेल.

पिल्लू निवडताना रंग आणि डोळ्यांच्या निळेपणापेक्षा आई पाहावी: अनोळखी माणूस आल्यावर ती किती वेळात शांत होते, हे बघण्यासाठी अर्धा तास तिथे बसावं. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आणू नये. आणल्यावर बारा-चौदा आठवड्यांपर्यंत त्याला कडेवर घेऊन रहदारी, लिफ्ट, कुकरची शिट्टी, रांगतं बाळ हे सगळं दुरून, खाऊ देत दाखवावं. जग ओळखीचं करून घेण्याचा त्याचा मुख्य काळ तेवढाच असतो. घरात तान्हं मूल असेल आणि दोन्ही पालक दिवसभर बाहेर असतील, तर मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत थांबावं, किंवा दोन-तीन वर्षांचा, मुलांमध्ये राहिलेला प्रौढ कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचा स्वभाव उघड झालेला असतो. मुलांना समोरून पळायला लावून तो काय करतो हे पट्टा हातात धरून, आणण्याआधीच पाहता येतं.