कंपायलर चुकला की त्याचे हात बांधलेले होते?

कंपायलर आपल्या कोडमधून मशीनसाठी ज्या सूचना बनवतो ती असेंब्ली उघडून बघायची खोड लागली की जादा इन्स्ट्रक्शन दिसली रे दिसली की वाटतं, सापडला, ऑप्टिमायझेशन (कोड छोटा, वेगवान करणं) राहिलंय याचं. मी तर एकदा बग रिपोर्ट लिहायलाच बसलो होतो. पण राहून गेलेलं ऑप्टिमायझेशन वेगळं आणि करायची परवानगीच नसलेलं वेगळं, फक्त असेंब्लीत दोन्ही सारखीच दिसतात, तिथे गोची होते.

साधा भागाकार घ्या. इंटला (ऋण-धन पूर्णांकाला) २ ने भागायचं तर एक शिफ्ट, म्हणजे बिट उजवीकडे एक घर सरकवणं, पुरे ना? नाही पुरत. सी मध्ये -७ भागिले २ म्हणजे -३, आणि तोच -७ उजवीकडे एक घर सरकवला तर येतात -४. म्हणून कंपायलर आधी साइन बिट (ऋण असेल तर १, नाहीतर ०) वेगळा घेऊन आकड्यात मिळवतो, म्हणजे -७ चे -६ होतात, आणि मग शिफ्ट. हा आळशीपणा नाही. पण भागायचा आकडा एक्स आहे, वरच्याच ओळीत तुम्ही 'एक्स शून्याहून कमी असेल तर रिटर्न' लिहिलंय आणि तरी खाली ती साइन बिटची भर आहेच, तर मग खरंच राहून गेलं, खुशाल रिपोर्ट करा.

हे कळलं की लोक सगळीकडे अनसाइन्ड (ऋण नसलेले, म्हणून नुसत्या शिफ्टने भागता येणारे आकडे) करत सुटतात (मीही केलं), आणि अ‍ॅरे इंडेक्सिंगमध्ये नेमकं उलटं होतं. ६४ बिट मशीनवर इंडेक्स आय ३२ बिट अनसाइन्ड असेल आणि तुम्ही 'आय अधिक १' वा एलिमेंट मागितला, तर आय ४२९४९६७२९५ असताना बेरीज शून्यच यायला हवी, तसा नियमच आहे, म्हणून ती बेरीज ३२ बिटात वेगळी करावी लागते. इंटला ओव्हरफ्लो (आकडा मावेनासा होणं) म्हणजे अनडिफाइन्ड, तिथे काय व्हावं याचा नियमच नाही, त्यामुळे कंपायलर बिनधास्त ६४ बिटात जातो आणि तो १ सरळ लोडच्या पत्त्यात (एलिमेंट ४ बाइटचा असेल तर) ४ बाइट म्हणून जिरवून टाकतो. साइज-टी (सी मधला आकारमानासाठीचा अनसाइन्ड प्रकार) वापरलं तर हा प्रश्नच येत नाही, पत्त्याइतकाच रुंद असतो तो.

मी आता एकच बघतो: मला हव्या त्या छोट्या कोडचं उत्तर मूळ कोडपेक्षा वेगळं येईल असा एक तरी इनपुट आहे का? एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या संचासाठी अलाइव्ह-२ नावाचं टूल हेच करतं, रूपांतर चुकीचं असेल तर तो इनपुटच काढून दाखवतं. माझ्या त्या रिपोर्टमधल्या कोडला ४२९४९६७२९५ घालून बघितलं आणि ड्राफ्ट गुपचूप डिलीट केला.