रिंग वाढली की हवा घटते

चवथीच्या आधीच्या आठवड्यात भाचा फोंड्याला घरी आला तो नवी गाडी घेऊनच. नवी म्हणजे त्याला नवी. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, सेकंडहँड स्पोर्ट्स कार. चहा घ्यायच्या आधीच त्याने मला अंगणात नेलं. "मामा, ह्या सतराच्या रिंगा काढून एकोणीसच्या टाकणार आहे. चाकावरच्या कमानीत केवढी पोकळी दिसते बघ. आणि मोठं चाक म्हणजे ग्रिप पण जास्त ना?"

पोकळी दिसत होती हे खरं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात देण्यासारखं नव्हतं. मी बादलीभर पाणी आणून टायरवरची लाल माती धुतली आणि त्याला बाजूवरचे आकडे वाचायला लावले: २२५/४५ आर १७, आणि पुढे ९१ डब्ल्यू.

हे आकडे जवळपास प्रत्येक गाडीवर असतात, पण थांबून कुणी वाचत नाही. २२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ मात्र मिलिमीटर नव्हे, टक्के. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १७ हा रिंगचा व्यास, तोही इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच आल्यामुळे भले भले गोंधळतात. हिशेब मात्र शाळेतला आहे. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की पूर्ण चाकाचा व्यास ६३४ मिलिमीटर येतो.

आता १८ इंची रिंगवर २२५/४० चा टायर घेतला तर व्यास येतो ६३७. १९ इंचीवर २२५/३५ घेतला तर ६४०. बाहेरून चाक जेमतेम एक टक्क्याने वाढलं. मग मोठं झालं काय? फक्त रिंग. भिंत १०१ वरून ९० वर आणि तिथून ७९ मिलिमीटरवर आली. रिंग एक इंच वाढली की दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच हवा घटते. भाच्याला त्या दिवशी मला एवढंच पटवायचं होतं, आणि बाकीचं सगळं ह्यातूनच निघतं.

बाहेरचा व्यास तोच ठेवायचं कारण असं की गाडीला स्वतःचा वेग थेट कळत नाही. ती चाकाचे फेरे मोजते आणि एका फेऱ्यात किती अंतर कापलं जातं हे कारखान्यात ठरवलेलं असतं. कुणी ४५ चा आकडा तसाच ठेवून २२५/४५ आर १९ बसवला, तर व्यास आठ टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवत असताना गाडी ८६ ने पळत असते. शिवाय गिअर तेच आणि चाक मोठं, म्हणून रस्त्यावरचा जोरही तितकाच कमी होतो.

हा फेरा आम्ही अंगणात मोजून पाहिला. टायरवर आणि खाली फरशीवर खडूने खूण केली, गाडी हळूच ढकलली आणि बरोबर एक फेरा झाल्यावर दुसरी खूण केली. ६३४ ला पायने गुणलं तर १ मीटर ९९ सेंटिमीटर यायला हवेत. टेपवर आले १ मीटर साडेत्र्याण्णव. भाच्याने पुन्हा मोजलं, तेवढेच आले. मोजमाप चुकलेलं नव्हतं. गाडीच्या वजनाने टायर खाली दबलेला असतो, त्यामुळे तो पूर्ण वर्तुळासारखा लोळतच नाही. मग दबलेल्या उंचीवरून हिशेब करावा, तर उत्तर आणखी कमी येतं. कारण रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचा पट्टा असतो, तो सहसा ताणला किंवा आखडला जात नाही आणि रणगाड्याच्या पट्ट्यासारखा रस्त्यावर पसरत जातो. खरा आकडा ह्या दोहोंच्या मधे पडतो. खडूच्या दोन खुणांमध्ये टायरचं इतकं शास्त्र मावतं, ह्याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

आता ग्रिपचं. एका चाकावर समजा ३५० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे. हा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की दीडशेच्या वर थोडे चौरस सेंटिमीटर येतात. टायर रस्त्याला टेकतो तो पोस्टकार्डाहून जराशा मोठ्या जागेवर. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ही जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो, लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो. वळणावर त्याचा फायदा आहे, कारण आखूड ठशात रबर कमी पिळवटतं. आणि आखूड भिंत कमी झुकते, त्यामुळे स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी वळते. अनमोड घाटात ज्याने बसकी गाडी चालवली आहे, त्याला हा फरक हाताला कळतो. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो फायदा रुंदीचा आणि चांगल्या रबराचा आहे, रिंगच्या इंचांचा त्यात वाटा थोडा.

ह्याचा सर्वांत मोठा पुरावा शर्यतीच्या मैदानातच आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिंगांवर धावत होत्या. जगातल्या सर्वांत वेगवान वळणांवर, उंच गुबगुबीत भिंतींचे टायर! २०२२ पासून त्यांनी १८ इंच घेतले ते मुख्यतः रस्त्यावरच्या गाड्यांशी नातं जुळावं म्हणून. तोवर त्या गाड्यांच्या स्प्रिंगचं बरंचसं काम टायरची भिंतच करत होती. रस्त्यावरच्या गाड्यांत मोठ्या रिंगचं एक रास्त कारण असतं, ते म्हणजे मोठे ब्रेक आत मावावेत. भाच्याच्या गाडीचे ब्रेक सतरात मावत होतेच.

टायरमध्ये हवा भरायची कल्पनाच मुळी धक्क्यासाठी निघाली. रॉबर्ट थॉमसनने तिचं पेटंट १८४५ मध्ये घेतलं होतं, पण ती विसरली गेली. १८८७-८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा शोधली. गाडी रबरावर उभी असते असं आपण समजतो. खरं तर ती हवेवर उभी असते, रबर त्या हवेला धरून ठेवतं.

आणि इथेच आपले रस्ते आठवतात. ताशी ६० च्या वेगाला दोन फुटांचा खड्डा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपतो. एवढ्या वेळात चाक स्वतःच्या वजनाने सेंटिमीटरभरही पडलं नसतं, पण वरून दाबलेली स्प्रिंग त्याला कितीतरी जोराने खाली रेटते. मग समोरची कड येऊन आदळते. भिंत उंच असेल तर हवा तो घाव पचवते. आखूड असेल तर टायर कड आणि रिंग ह्यांच्यामध्ये अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा सापडतो. त्यात ७९ मिलिमीटर ही कागदावरची उंची आहे. रिंगची कडा त्यातले सुमारे १७ मिलिमीटर खाते. हाताशी उरतात जेमतेम ६२, सतरा इंचीवर तेच ८४ असतात.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसात घाटातल्या एका वळणावर पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही. टायर फुटला नाही, हवाही गेली नाही. सकाळी पाहिलं तर बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला. लोकांना वाटतं रबर सुजलं. तसं नसतं. भिंतीच्या आतले धाग्यांचे पदर तुटलेले असतात आणि त्या जागी हवेला नुसत्या रबराने धरून ठेवलेलं असतं. त्यावर पॅच नाही, इलाज नाही. असा टायर स्टेपनीलाही ठेवू नये.

ओळीच्या शेवटचा ९१ हा आकडा दुकानात कुणी विचारत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ९१ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त ६१५ किलो पेलतो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची मान्यता. भाच्याला दाखवलेल्या १९ इंची टायरवर ८८ होतं, म्हणजे ५६० किलो. भिंत घटली, आत मावणारी हवा घटली, पेलायची ताकदही घटली. गाडीच्या मूळ आकड्यापेक्षा हा आकडा कमी असेल तर तो टायर नाकारायचा, दुकानदार काहीही म्हणो.

वजनाचीही गोष्ट सांगतो. दुकानातल्या काट्यावर टायरसकट सतराचं चाक १९ किलो ६०० ग्रॅम भरलं आणि एकोणीसचं २३ किलो १००. फिरणारं एक किलो वजन आठ किलोंसारखं जड पडतं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते चूक आहे. चाकाच्या अगदी कडेवरचं वजन पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून वेग घेताना ते फार तर दुप्पट मोजावं लागतं. चार चाकांचे १४ किलो म्हणजे जास्तीत जास्त २८. खरा तोटा निराळा आहे: हे वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं, म्हणून जड चाक खड्ड्यानंतर रस्त्याला पुन्हा चिकटायला उशीर लावतं. टेकलेलंच नाही, तर ग्रिप कुठली?

आणि पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. पाणी साचलेल्या रस्त्यावर ३ मिलिमीटर थर धरला, तर ताशी ८० ने जाणाऱ्या २२५ रुंदीच्या प्रत्येक पुढच्या टायरला दर सेकंदाला १५ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या टायरांवरून ह्याचं एक सूत्र १९६३ मध्ये मांडलं. त्याने ३२ पीएसआयला तरंगण्याचा वेग ताशी ९४ किलोमीटर येतो, हवा २५ वर उतरली तर ८३. टायर रुंद आणि नक्षी झिजलेली असेल तर त्याआधीच पाय सुटतात. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर बाद, पण आपल्या पावसासाठी मी ३ च्या खाली गेली की टायर बदलतो. रुंदी वाढवायचा मोह मी भाच्याला तिथेच सोडायला सांगितला. २२५ पुरे.

रिंग निवडताना नटांच्या वर्तुळाचं माप आणि मधलं भोक जुळलं पाहिजे हे दुकानदार बघतोच. बघत नाही तो ऑफसेट. रिंगच्या आतल्या अंगाला ईटी ४५ असं काहीतरी कोरलेलं असतं: रिंगच्या मध्यरेषेपासून तिची गाडीवर बसायची जागा किती मिलिमीटर बाहेर आहे ते. ४५ च्या जागी ३५ घेतली तर चाक एक सेंटिमीटर बाहेर सरकतं. दिसायला ऐटदार, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, ब्रेक मारताना स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं आणि मागे दोघं बसली की कमानीला टायर घासतो. कायद्याचंही बघावं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मापांपासून गाडी बदलण्यावर बंधन घालतं. म्हणून त्याच मॉडेलला कंपनीने स्वतः दिलेलं माप निवडावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

त्याच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८ इंची रिंग देत होती. भाच्याने तीच घेतली, त्याच ऑफसेटची. त्याच्यावर २२५/४०, पण जादा भारासाठी मजबूत बांधलेला, म्हणून भिंत आखूड असूनही आकडा ९२, म्हणजे ६३० किलो. दसऱ्याच्या दिवशी गाडी पुन्हा अंगणात आली. कमानीतली पोकळी तशीच होती आणि त्याने ती बघितलीही नाही. खिशातून खडू काढून तो थेट टायरपाशी बसला. टेप मी धरला. १ मीटर ९४ सेंटिमीटर, वर तीन मिलिमीटर.