चोळलं मनगटाला, गेलं अंगभर: हार्मोनचं जेल आणि हाडाशी ठेवायचं औषध

"भाऊ, ही ट्यूब हार्मोनचीच हाय ना?"

काउंटरवर ठेवलेली ट्यूब अर्ध्याहून जास्त पिळलेली होती. मावशी दिंडोरीकडच्या, डाव्या मनगटाला प्लास्टर. बागेत ओल्या बांधावरून पाय सटकला, हात टेकला आणि मनगट गेलं. ट्यूब मात्र त्याच्या आधीची. पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेलं एस्ट्रॅडिओलचं, म्हणजे एस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं, जेल. दिवसातून एकदा, दंडाला किंवा मांडीला. मावशी ते आठवडाभर दिवसातून दोन वेळा लावत होत्या, तेही प्लास्टरच्या कडेतून बोट जाईल तितकं आत घालून.

का, ते त्यांनीच सांगितलं. द्राक्षबागेत डिपिंगचे, म्हणजे घड औषधात बुडवायचे, दिवस होते. "घड जीएत बुडवला की फुगतो. ते बी हार्मोनच. मग हाताला चोळलं तर हाड लवकर सांधंल ना?"

पंचवटीत मेडिकल चालवायला लागल्यापासून मला पुष्कळ प्रश्न आले, पण इतका बिनतोड क्वचितच. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतीचं हार्मोनच. मणी फुगवणारं जिबरेलिन एरवी मण्यातली बी पुरवते. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षात बी लहान असतानाच खुरटते, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. बायका हातात जीएच्या पाण्याचा मग घेऊन वेलीखालून फिरतात आणि घड एकेक करून बुडवतात. एखादा घड पानाआड राहिला, तर काढणीच्या वेळी बारीक मण्यांवरून लगेच ओळखू येतो. हार्मोन लावलं तिथेच काम करतं, हे मावशींनी दर हंगामात डोळ्यांनी पाहिलेलं. हिशेबात गफलत एकाच जागी होती: वेलीला रक्त नसतं.

आपल्याकडे "हाडासाठी लावायचं हार्मोन" म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत पडतात. एक, कातडीवर चोळायचं जेल. दुसरी, मोडलेल्या हाडाशी नेऊन ठेवायचं औषध. लावायच्या दोन्ही, पण पहिलीत लावण्याची जागा म्हणजे नुसतं दार आहे. दुसरीत ती जागा हेच औषधाचं घर.

आधी जेल. एस्ट्रॅडिओलचा रेणू लहान आणि तेलात विरघळणारा. कातडीच्या वरच्या थरात तो मुरतो, तिथून हळूहळू खालच्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरतो, आणि एकदा रक्तात गेला की दंडावरून आला की मांडीवरून, याला अर्थ उरत नाही. मनगटावर चोळलेलं औषध मनगटाला जितकं मिळतं तितकंच कमरेच्या मणक्याला, स्तनांना आणि गर्भाशयालाही. कातडीचा रस्ता निवडतात तो गोळीसारखं आधी यकृतातून जावं लागू नये म्हणून. रक्तात गुठळी होण्याचा धोका त्याने गोळीपेक्षा कमी राहतो. दुखण्यावर लावायच्या डायक्लोफिनॅकच्या जेलने लोकांची आणखी फसगत होते. ते रक्तात थोडंच उतरतं, बरंचसं काम खालच्याच स्नायूत करतं. घरात दोन्ही ट्यूबा एकाच डब्यात पडलेल्या असतात.

आता एस्ट्रोजेनचा हाडाशी संबंध आहे, आणि तो मोठा आहे. हाड जन्मभर खोदलं आणि भरलं जात असतं: काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं रचतात. एस्ट्रोजेन खाणाऱ्यांना आवर घालतं. पाळी गेल्यावर तो आवर सुटतो, म्हणूनच पन्नाशीनंतरच्या बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. जेलने ही झीज मंदावते, पण सगळ्या सांगाड्यात. मोडलेलं हाड सांधणं हे वेगळं काम. तिथे आधी रक्त साकळतं, मग दोन टोकांमध्ये कूर्चेसारखा मऊ सांधा धरतो, मग तो कडक होतो आणि पुढे कित्येक महिने त्याला आकार येत राहतो. हा क्रम उरकावा म्हणून एस्ट्रोजेनचं जेल कोणी लिहून देत नाही. उलट दुप्पट चोळलं तर रक्तातलं प्रमाण वाढतं: स्तन दुखतात, अंगावरून जाऊ शकतं. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनही द्यावं लागतं, ते याचसाठी की आतलं अस्तर वाढत जाऊ नये.

आणि हो, लावल्यावर जेल वाळू द्यायचं, हात धुवायचे, नातवंडाला लगेच त्या हाताने उचलायचं नाही. कातडीतून बाईच्या रक्तात जाणारं औषध पोराच्याही रक्तात जातं.

दुसऱ्या गोष्टीची सुरुवात १९६५ सालची. अमेरिकेत मार्शल युरिस्ट या अस्थिशल्यचिकित्सकाने हाडातलं खनिज आम्लाने काढून टाकलं, उरलेला मऊ तुकडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला आणि त्या स्नायूत चक्क हाड तयार झालं. हे घडवणाऱ्या प्रथिनाला पुढे बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन) म्हणू लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यातल्या बीएमपी-२ ला २००२ साली मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि २००४ साली नडगीच्या हाडाच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी परवानगी दिली. ते ट्यूबमधून येत नाही. कोलॅजनच्या स्पंजवर ओततात, निदान १५ मिनिटं मुरू देतात आणि मग शस्त्रक्रियेत हाडाच्या मोडलेल्या टोकांशी ठेवतात. हे खरं डिपिंग. काटेकोर बोलायचं तर हे हार्मोनही नव्हे: हार्मोन एका ग्रंथीत बनून रक्ताने दुसरीकडे जातं, हे जिथे आहे तिथल्याच पेशींना कामाला लावतं. याचा जोरही सांभाळावा लागतो. भलत्या जागी पाझरलं तर तिथे हाड धरतं, आणि मानेच्या शस्त्रक्रियांत घशाला सूज येऊन श्वास कोंडल्याच्या घटनांवरून २००८ साली त्याच प्रशासनाला इशारा द्यावा लागला. साध्या मनगटाला हे कोणी वापरणार नाही.

मग याचंच मलम का करत नाहीत? कातडी आत येऊ देत नाही. ढोबळ नियम असा की ५०० डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) वरचे रेणू धड कातडीतून फारसे जात नाहीत. एस्ट्रॅडिओल २७२ चं, सहज जातं. बीएमपी-२ सुमारे २६ हजारांचं.

आमच्याकडे लोक कांडवेल, म्हणजे हाडजोड, वाटून बांधतात. ती चौधारी वेल द्राक्षाच्याच कुळातली, हे मावशींना सांगितल्यावर त्या हसल्या. प्लास्टर असताना ते सुचत नाही, हा फायदाच.

प्लास्टर निघाल्यावर मावशी पुन्हा आल्या, हातात डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट. एवढ्यातेवढ्या पडण्याने मनगट मोडणं ही ठिसूळ हाडांची पहिली खूण असू शकते, म्हणून डॉक्टरांनी तपासायला सांगितलं होतं. टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली, म्हणजे हाडं ठिसूळ. चिठ्ठीवर टेरिपॅराटाइडचं पेन: रोज २० मायक्रोग्रॅम, पोटाला किंवा मांडीला टोचून. हा गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनचा तुकडा, ८४ दुव्यांच्या साखळीतले पहिले ३४. याची खोड विचित्र आहे. रक्तात सतत वाढलेलं राहिलं तर हे हार्मोन हाड पोखरतं, रोज थोडा वेळ चढून उतरलं तर हाड रचतं. म्हणजे ४ हजार डाल्टनचं हे औषध कातडीतून गेलं असतं, तरी दिवसभर झिरपणारं जेल उलटंच पडलं असतं. पाळी गेलेल्या बायकांच्या मोडलेल्या मनगटांवर त्याची चाचणी झाली, ती २०१० साली छापून आली. २० मायक्रोग्रॅमवाल्यांची मनगटं साधारण ७.४ आठवड्यांत भरली, नुसत्या पाण्याची सुई घेणाऱ्यांची ९.१ आठवड्यांत, ४० मायक्रोग्रॅमवाल्यांना मात्र म्हणावा तसा फरक नाही. मावशींना ते दिलं ते ठिसूळपणासाठी, मनगट सांधायला नव्हे.

थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, वर कागद, त्यावर पेन ठेवलं. फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या खणात नाही, सुरू केल्यावर २८ दिवसांनी टाकून द्या, हे सांगून झालं. मावशींनी झाकण लावलं आणि पोटाकडे बोट दाखवलं.

"हितं टोचायचं. मनगटापाशी नाही."

"नाही."

"म्हंजी हे बी डिपिंग नाही," म्हणाल्या आणि डबा काखेत मारून दिंडोरीची एसटी गाठायला निघाल्या.