बाल्बियानेल्लो : कार्डिनलपासून गिर्यारोहकापर्यंत

दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंह यांचं लग्न १४ आणि १५ नोव्हेंबर २०१८ ला, आधी कोकणी आणि मग सिंधी पद्धतीने, इटलीतल्या लेक कोमोच्या काठी लागलं. तेव्हापासून त्या लग्नाच्या जागेचं, व्हिला देल बाल्बियानेल्लो हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांच्या तोंडी आलं. वऱ्हाडी बोटींनी आले, फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून कडक बंदोबस्त होता, वगैरे सगळं तेव्हा वाचून झालं. त्या घराबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

या तळ्याकाठी श्रीमंतांनी घरं बांधण्याची हौस दोन हजार वर्षांची आहे. कोमोतच जन्मलेल्या धाकट्या प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाची इथे अनेक घरं होती. त्यांतल्या आवडत्या दोहोंची नावं त्याने ‘ट्रॅजेडी’ आणि ‘कॉमेडी’ ठेवली होती. पहिलं उंच कड्यावर, म्हणजे शोकांतिकेतल्या नटासारखं उंच टाचांवर उभं. दुसरं पाण्यालगत, विनोदी नटाच्या सपाट जोड्यांत. खालच्या घरातून, बिछान्यात पडल्या पडल्यासुद्धा, गळ टाकून मासे धरता येतात अशी फुशारकी त्याने एका पत्रात मारली आहे. ‘लेक फेसिंग’ची जाहिरात करणाऱ्या आजच्या बिल्डरांना हे अजून सुचलेलं दिसत नाही.

या हौसेमागे हवामानही आहे. तळं चारशे मीटरहून जास्त खोल आहे. एवढं पाणी उन्हाळ्याची ऊब साठवून ठेवतं, त्यामुळे आल्प्सच्या पायथ्याशी असूनही काठावर हिवाळा सौम्य जातो. काठावरच्या लेन्नो गावाच्या आसपास ऑलिव्हची झाडं नीट वाढतात. मिलान जवळ असल्यामुळे तिथल्या सरदार-सावकारांना आणि धर्मगुरूंना उन्हाळ्यात इथे येऊन राहणं सोपं होतं.

बाल्बियानेल्लो बांधणारे आंजेलो मारिया दुरिनी असेच एक कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधले पोपखालोखालचे धर्मगुरू. जवळच ओस्सुच्चोला त्यांचा व्हिला बाल्बियानो नावाचा प्रशस्त वाडा होता, पण त्यांना आणखी निवांत जागा हवी होती. समोरचं कोमाचीना बेट विकत घेण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा १७८५ मध्ये त्यांनी तळ्यात घुसलेलं लावेदो हे भूशिर घेतलं. तिथे फ्रान्सिस्कन साधूंचा जुना मठ होता. दुरिनींनी तो पाडला नाही, १७८७ मध्ये त्याचंच घर केलं. आज लांबून दिसणारे दोन मनोरे मठाच्या चर्चचे आहेत. टेकाडाच्या माथ्यावर त्यांनी कमानींची खुली ओसरी बांधली. तिथे उभं राहिलं की दोन्ही बाजूंना तळं दिसतं.

दुरिनी १७९६ मध्ये वारले आणि घर त्यांचा भाचा लुइजी पोर्रो लाम्बेर्तेंघी याच्याकडे आलं. लोम्बार्डीवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य येणार-जाणार असा काळ होता, आणि ते पक्कं झाल्यावर ही आलिशान वास्तू राजद्रोह्यांचा अड्डा बनली. लेखक सिल्व्हियो पेलिको पोर्रोच्या मुलांचा शिक्षक म्हणून इथे राही. तो कार्बोनारी या गुप्त संघटनेत होता. १८२० मध्ये ऑस्ट्रियन पोलिसांनी त्याला पकडलं, पोर्रोला देश सोडावा लागला आणि घर त्याचा मित्र जुझेप्पे आर्कोनाती व्हिस्कोन्ती याला विकलं गेलं. चर्चसमोरच्या कठड्यावर माणूस गिळणारा साप कोरलेला आहे, ती या व्हिस्कोन्तींची निशाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत घराला अवकळा आली होती. पहिल्या महायुद्धानंतर बटलर एम्स या अमेरिकन राजकारणी-उद्योजकाने ते घेतलं आणि बागेसकट सावरलं.

पण या जुन्या घरात नव्या सोयी खऱ्या अर्थाने आल्या त्या १९७४ नंतर. त्या वर्षी हे घर ग्विदो मोन्झिनोने घेतलं. स्टांडा या इटलीतल्या डिपार्टमेंटल स्टोअर्सच्या साखळीचा हा वारस, पण जीव रमायचा तो मोहिमांत. १९७१ मध्ये तो कुत्र्यांच्या स्लेजने उत्तर ध्रुवावर पोचला. १९७३ मध्ये त्याच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेने इटलीसाठी पहिल्यांदा एव्हरेस्ट सर केलं. हेलिकॉप्टरं वापरून केलेली ती अवाढव्य मोहीम गिर्यारोहकांत टीकेचा विषय झाली होती. माणसाला काटकसर माहीत नव्हती, हे घरातही दिसतं.

खोल्या त्याने अठराव्या शतकातल्या इंग्रजी आणि फ्रेंच फर्निचरने भरल्या. दुरिनींच्या ओसरीच्या एका अंगाला पर्वत आणि ध्रुव प्रदेशांवरच्या पुस्तकांची लायब्ररी केली, दुसऱ्या अंगाला नकाशांची खोली. माळ्यावर मोहिमांचं खासगी संग्रहालय आहे, ध्रुवावरच्या स्लेजसकट. सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे घराचे भाग आतून जोडणारे छुपे मार्ग. ते अपहरणाच्या धास्तीने केले असं सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती वाटत नाही: १९७३ मध्येच रोममधून पॉल गेटी या तेलसम्राटाच्या नातवाला पळवलं होतं, आणि पैसेवाल्यांचं अपहरण हा त्या दशकात इटलीत धंदाच झाला होता. त्या काळातल्या श्रीमंताची ‘आधुनिक सोय’ अशी होती. बाहेरून मात्र हे काहीच कळत नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यात कोनाड्यात गीझर बसवतात आणि दिंडी दरवाज्याला हात लावत नाहीत, तोच शहाणपणा इथे मोठ्या खर्चाने दाखवला गेला.

बाग मात्र आधुनिक करणं कुणालाच जमलं नाही, कारण खाली खडक आणि वर मातीचा पातळ थर. सरळ रेषांची इटालियन बाग इथे बसतच नाही. मग उतारावरची हिरवळ, कातरलेले प्लेन वृक्ष आणि ओसरीवर चढवलेली फायकसची वेल. एक मोठा होल्म ओक (ओकची सदाहरित जात) तर छत्रीसारखा गोल छाटतात, नाहीतर ओसरीतून तळं दिसणार नाही. हे काम माळ्यांना शिडी आणि दोर लावून हातानेच करावं लागतं.

मोन्झिनो १९८८ मध्ये वारला. व्हिला त्याने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या फाई या वारसा-जतन संस्थेला दिला, आणि त्याला बागेतल्या जुन्या बर्फघरात पुरलं आहे. आता तिकीट काढून कुणीही आत जातं, आणि लग्नासाठी जागा मिळते. पण ते संग्रहालय असल्यामुळे तिथे मुक्काम करता येत नाही.

दुरिनींच्या मूळ वाड्याचं, बाल्बियानोचं, उलट झालं. तो खासगी मालकीत राहिला, नूतनीकरण होऊन पोहण्याच्या तलावासकट भाड्याने मिळतो. कार्डिनलसारखं तळ्याकाठी राहायचंच असेल, आणि खिसा तेवढा खोल असेल, तर चौकशी तिथे करावी लागते.