रॅन्समवेअर ओळखणे: एन्ट्रॉपीच्या वादाची पार्श्वभूमी

रॅन्समवेअर म्हणजे फाइली कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या करून, खंडणी मागणारे सॉफ्टवेअर. ते पकडायला एन्ट्रॉपी हे माप एकटे पुरेसे आहे का, हा वाद आहे. 1989 मध्ये टपालाने वाटलेल्या फ्लॉपींतून आलेल्या पहिल्या रॅन्समवेअरने फाइलींची नावे गुंतवून टाकली होती. प्रोग्रॅम उकलून पाहिल्यावर ती सोडवता आली. 1996 मध्ये दोन संशोधकांनी पुढचा धोका मांडला: विषाणूत फक्त सार्वजनिक किल्ली (जिने कुलूप लावता येते, पण उघडता येत नाही) ठेवली, तर ते उघडणारी खासगी किल्ली हल्लेखोराकडेच राहील आणि प्रोग्रॅम उकलूनही काही हाती लागणार नाही.

2013 च्या क्रिप्टोलॉकरने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. आरएसए ही सार्वजनिक किल्लीची पद्धत संथ असल्याने फाइली एकाच किल्लीवर चालणाऱ्या वेगवान एईएस पद्धतीने कूटबद्ध होत आणि एईएसची किल्ली 2048 बिटांच्या आरएसएने कुलूपबंद होई. खंडणी बिटकॉइनमध्येही घेतली जाई. 2014 मध्ये पीडितांना किल्ल्या मिळाल्या, पण गणित मोडून नव्हे. टोळीचा किल्ल्यांचा साठा तपास करणाऱ्यांच्या हाती लागला होता. फाइली नीट कूटबद्ध केलेल्या असतील, तर नंतर हात चोळण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. जून 2017 च्या नॉटपेट्या हल्ल्याने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्या हल्ल्यात तर ज्यावरून किल्ली काढायची, तो पडद्यावरचा ओळखक्रमांकच निरर्थक असल्याने पैसे भरूनही डेटा परत मिळणे शक्य नव्हते.

म्हणून सगळा भर हल्ला चालू असतानाच पकडण्यावर आला आणि एन्ट्रॉपी या मापाला नको इतके महत्त्व मिळाले. फाइलमधील बाइट किती अनिश्चित, म्हणजे अंदाज न येणारे आहेत, हे ते 0 ते 8 च्या पट्टीवर सांगते. यूटीएफ-8 (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मधल्या साध्या मराठी मजकुरात प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि त्यातले पहिले दोन जवळजवळ ठरलेलेच असतात. त्यामुळे त्याची एन्ट्रॉपी बरीच कमी असते. कूटबद्ध होताच ती 8 च्या जवळ उडी घेते. इथवर माप चोख चालते. पण जेपीजी फोटो, झिप आणि डॉक्स फाइली मुळातच दाबून साठवलेल्या असल्याने निरोगी अवस्थेतही 8 च्या आसपासच असतात. कार्यालयांतला बराचसा डेटा नेमका याच प्रकारचा. केवळ आकडा पाहणारी यंत्रणा बॅकअपची झिप बनत असतानाही ओरडते, आणि चार खोट्या इशाऱ्यांनंतर कंटाळलेला कर्मचारी ती बंद करून टाकतो. तरीही हे माप एकट्याने पुरेसे असल्यासारखे विकले गेले, हे खटकते.

हल्लेखोरांनी उलट बाजूही हेरली. 2021 मध्ये लॉकफाइलने दस्तऐवजातील 16 बाइट कूटबद्ध करायचे आणि पुढचे 16 सोडायचे, अशी पद्धत वापरली. फाइल निकामी होते, पण सांख्यिकी चाचणीला ती मूळ फाइलसारखीच भासते. कूटबद्ध मजकूर बेस64 मध्ये, म्हणजे फक्त 64 चिन्हांत लिहिला, तर एन्ट्रॉपी 6 च्या वर जातच नाही.

2016 मधल्या एका संशोधनाने एन्ट्रॉपीला फाइलचा बदललेला प्रकार आणि मूळ मजकुराशी उरलेले साम्य यांची जोड दिली. ही दिशा अधिक भरवशाची ठरली. आज त्यात आमिष म्हणून ठेवलेल्या फाइलींना लागलेला हात, काही क्षणांत शेकडो फाइलींची बदललेली नावे आणि विंडोजच्या शॅडो प्रती (विंडोजने राखलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसण्याची आज्ञा यांचीही भर पडली आहे. यातली शेवटची खूण अनेकदा पहिली फाइल कूटबद्ध होण्याआधीच दिसते.