पाव टनी जीप ट्रेलर

पाव टनी जीप ट्रेलर हा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी भूसेनेने जीपमागे जोडून वापरलेला, एका अ‍ॅक्सलचा व दोन चाकांचा पोलादी मालवाहू ट्रेलर होय. युद्ध संपल्यावर शिल्लक लष्करी साहित्याच्या विक्रीतून तो मोठ्या संख्येने नागरी वापरात आला. आज असा ट्रेलर हाती आल्यास तो नेमका कोणत्या घडणीचा आहे हे ठरवणे आणि नंतरच त्याला नव्या कामाला लावणे, असा क्रम अभ्यासक धरतात, कारण फेरफारांत प्रथम नाहीसा होतो तो ओळखीचा पुरावाच.

या ट्रेलरच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर येथील अमेरिकन बँटम कार कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये जीपचा पहिला नमुना लष्कराला सादर केला, परंतु मोठ्या उत्पादनाची कंत्राटे विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांकडे गेली. या अन्यायाची भरपाई म्हणून बँटमला ट्रेलरचे काम देण्यात आले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. मात्र तोच ट्रेलर विलिसनेही ‘एमबीटी’ या नावाने बनवला. त्यामुळे कारखान्यांच्या कुवतीनुसार केलेली ही युद्धकालीन कामवाटणी होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बँटमच्या घडणीस ‘टी-३’ म्हणतात. तिचे उत्पादन ७०,००० हून अधिक आणि विलिसचे सुमारे ६०,००० झाले असावे. बँटमने युद्धानंतर नागरी ग्राहकांसाठी काढलेल्या ‘टी-३सी’ या आवृत्तीला मागे उघडणारा फाळका होता. लष्करी ट्रेलरला तो नव्हता, म्हणून कारखान्यात बसवलेला फाळका दिसल्यास ट्रेलर युद्धकालीन नसण्याची शक्यता प्रथम तपासावी.

लष्करी घडणीत फाळका नसण्याचे कारण तिच्या रचनेत आहे. हौदा, म्हणजे माल ठेवण्याचा पेटीसारखा भाग, पूर्णपणे जोडबंद आणि जलरोधक असून ठरलेला भार घेऊन तो पाण्यावर तरंगत असे, आणि आत साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी तळाला बुचे होती. अमेरिकी टन २,००० पौंडांचा असल्याने पाव टन म्हणजे ५०० पौंड, सुमारे २२७ किलोग्रॅम, हा खडबडीत मुलखातील भार होय. रिकाम्या ट्रेलरचे वजनही साधारण २५० किलोग्रॅम भरते. टायर जीपच्याच ६.००-१६ मापाचे होते, म्हणजे पुढच्या गाडीचे सुटे चाक मागेही चालत असे. ट्रेलरच्या टोकाची जाड पोलादी कडी जीपच्या मिटत्या हुकात अडकवली जाई आणि जोडीला सुरक्षा-साखळ्या असत.

ओळख पटवताना निर्मात्याची धातूची नामपट्टी हा पहिला पुरावा असला, तरी तो निर्णायक मानता येत नाही, कारण हुबेहूब नव्या पट्ट्या विकत मिळतात. दोन्ही कारखान्यांचे पुष्कळ भाग अदलाबदल करता येण्यासारखे असल्याने केवळ हौद्याच्या आकारावरून निर्माता सांगणेही धोक्याचे आहे. पट्टीवरील क्रमांक, चौकटीवरील ठसे, रंगाचे खालचे थर आणि दिव्यांची जोडणी यांचा मेळ बसतो की नाही हे पाहावे. युद्धकालीन विद्युत्‌जोडणी ६ व्होल्टची होती. साधारणपणे १९५० च्या दशकात आलेल्या ‘एम-१००’ या पाव टनी ट्रेलरमध्ये ती २४ व्होल्टची झाली व टायर ७.००-१६ मापाचे आले. पुढे ‘एम-१५१’ या नंतरच्या लष्करी जीपसोबत आलेला ‘एम-४१६’ सपाट मडगार्डांवरून सहज ओळखू येतो. ‘एम-१००’ ची मडगार्डे गोलाकार आहेत. एक टनी ‘बेन हर’ ट्रेलर हा वेगळा व बराच मोठा प्रकार आहे.

नव्या वापरात हे ट्रेलर सामान, सरपण वा पाण्याच्या टाक्या वाहण्यासाठी, तसेच मुक्कामी प्रवासासाठी उपयोगी पडतात. सर्वांत प्रचलित फेरफार म्हणजे मागचा पत्रा कापून फाळका बसवणे. त्याने माल चढवणे सोपे होते, पण जलरोधकता जाते आणि हौद्याचा ताठपणा कमी होतो. त्याऐवजी कडी तशीच ठेवून पुढच्या गाडीला मिटता हुक लावणे आणि १२ व्होल्टचे दिवे सुट्या पट्टीवर बसवणे, असे काढून टाकता येणारे बदल श्रेयस्कर होत. बुचे मोकळी नसतील तर पावसाचे पाणी तळाशी साचून पत्रा आतून गंजतो; खरेदीपूर्वी तळ खालून टोचून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. युद्धकालीन दुभंगी रिम दोन अर्धे भाग नटांनी जोडून बनलेली असे. ट्यूबमधील हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते नट सैल करणे जीवघेणे ठरू शकते.

भारतात महायुद्धकाळात अमेरिकी सैन्याच्या आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरील वाहनांबरोबर जीप आली. १९४७ पासून महिंद्र अँड महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असून रस्त्यावर आणण्यासाठी त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार कलम ५२ अन्वये मालकास करता येत नाही.