मराठी क्रियापद आड येत नाही

सोलापुरात कवितेच्या बैठकींत एक समज अजून ऐकू येतो: मराठी क्रियापद लिंग सांगतं, म्हणून समलिंगी प्रेमाची कविता लिहायची तर ‘ती’ घालून वळवावीच लागते. चूक. ‘सिद्धेश्वर तलावाकाठी तू आलास, मी थांबलो’ एवढ्यात दोन पुरुष उभे राहतात; ‘आलीस, थांबले’ म्हटलं की दोन बायका. वेगळा खुलासा कशाला?

लिंग झाकायचंच असेल तर भविष्यकाळ घ्या: ‘येशील’, ‘थांबेन’. ‘मी तुला पाहिलं’ हेही काही सांगत नाही. घात होतो तो विशेषणांत. ‘एकटा’, ‘वेडी’ नकळत निसटतात. ‘शांत’, ‘उदास’ बदलत नाहीत.

वाचताना मात्र जपून: विरहिणी, म्हणजे विरहात झुरणाऱ्या स्त्रीच्या तोंडची पदं, ज्ञानेश्वरांनीही लिहिली; कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असं नसतं.